चिमणीचा कूलर

कूलरच्या नव्या गवतावर पाणी पडलं आणि त्या ओल्या वासानं मला सौंदडच्या घरातला एक उन्हाळा आठवला. थंडीभर परसाकडच्या खिडकीत बंद असलेल्या आमच्या कूलरच्या गवतात फाल्गुनात चिमणीनं अंडी घातली होती. पंखा नुसता गरम वारा फेकत होता. मी वैतागून कूलरच्या बटणाकडे हात नेला, तशी आई ओरडली, "हात त लावून पाह्य! कायले चिडून राहिली? तिचे लेकरं उडू दे पहिले."

पिल्लं उडाली, आणि त्या बयेनं तिथंच पुन्हा अंडी घातली! अख्खा उन्हाळा आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत काढला.

आज नवं गवत भरण्याआधी मी जुनं गवत काडी काडी उकलून पाहिलं. यंदाही काहीच नाही. गेली कुठे मेली!