पुलाची तीन मिनिटं

दुपारी टीव्हीवर लोकसभा चालू होती, पण आवाज मी बंद ठेवला होता. आमचे खासदार उभे राहून बोलत होते आणि त्यांच्या मागची बाकं रिकामी होती.

"ऐकायला एक माणूस नाही," मी चिडून म्हणालो.

फरशी पुसणाऱ्या सुनीताबाई थांबल्या. "आवाज वाढवा ना, दादा. आमच्या गावच्या पुलाचं आज विचारणार होते."

रिमोट उशीखाली सापडेपर्यंत खासदारांची वेळ संपली आणि दुसरंच कुणी बोलू लागलं. लाखो माणसांनी मिळून एकाला तिथं पाठवायचं आणि पुलासाठी त्याला जेमतेम तीन मिनिटं मिळायची.

"काय म्हणाले ते?" फडकं पिळत सुनीताबाईंनी विचारलं.

अर्धा तास टीव्हीसमोर बसून होतो मी. आवाज बंद ठेवून.