अकाउंटंट ठेव, असं मीच म्हणाले

विठ्ठलवाडीहून स्कूटरवर येणारा तो ग्रिलवाला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळ्यांच्या ओळखीचा. खिडकीचं माप आधी वितीने घ्यायचा, मग टेपने, आणि दोन्ही जुळलं की स्वतःशीच हसायचा. टॅक्सचं विचारलं तर म्हणायचा, "ताई, आपला धंदा केवढा? त्याला अकाउंटंट कशाला?"

मी बँकेत नोकरी केलेली. मीच त्याच्या मागे लागले, "असं चालत नाही रे आता. एखादा अकाउंटंट ठेव."

त्याने ठेवला. कल्याणचा, स्वस्तातला. त्याला आधार आणि पॅन दिलं, फोनवर आलेले ओटीपी सांगितले, तो दाखवेल तिथे सह्या केल्या. वर्षभराने नोटीस आली. त्या माणसाने याच्या नावावर जीएसटी नंबर काढून लाखोंची खोटी बिलं फाडली होती आणि तो गायब झाला होता. याचं बँकेतलं खातं गोठवलं गेलं.

नोटीस माझ्यापुढे धरून त्याने हळूच विचारलं, "ताई, हे मी केलंय का?"

मी नाही म्हणाले. पण ठाण्याच्या वकिलाने सांगितलं, यातून सुटायला वर्षं लागतील. मला त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही.

परवा शेजाऱ्यांनी त्याला कामाला बोलावलेलं. मी गॅलरीत उभी होते. गेटवर वॉचमनने नेहमीसारखं रजिस्टर पुढे केलं: नाव, मोबाइल नंबर, सही. त्याने पेन उचललं, बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला, मग पेन खाली ठेवून स्कूटर वळवली.