पत्थरदादाचा आवाज

सावळीरामला ऐकू येत नाही, हे आम्हाला एका कार्टूनमुळे कळलं. कंपनीच्या डॉक्टरला कळलं नव्हतं, ठेकेदाराला कळलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण तिने तोंड शिवून घेतलं होतं. कुणाला कळू नये म्हणून तो कितीतरी वर्षं जिवाचा आटापिटा करत होता, कारण बहिरा माणूस पॉवर प्रेसवर ठेवत नाहीत. आणि कंत्राटी माणूस प्रेसवरून उतरला की थेट गेटबाहेर जातो. एवढं जपलेलं आम्ही रिमोटचं एक बटण दाबून उघडं पाडलं.

सावळीराम हे आमच्या पिढीतलं नाव नव्हे. आजोबा गेले त्या वर्षी हा जन्मला, म्हणून त्यांचं नाव याच्या माथी आलं. हजेरी घेताना सर त्याच्या नावापाशी पोचले की मागच्या बाकांवर भजन सुरू व्हायचं, आणि हा स्वतःच डेस्कवर टाळ धरायचा. मी त्याला सावळ्या म्हणते, तो मला योगे. योगिनी म्हणायला जीभ वळवावी लागते म्हणे. त्याचे वडील चांदवडकडून नाशिकच्या सातपूरला कंपनीत आले आणि आमच्या कॉलनीत राहिले. टीव्ही आमच्या घरी होता, त्यामुळे संध्याकाळी सगळी पोरं आमच्या घरी.

तेव्हा ‘नीलगड’ लागायचं. मूळ कुठल्या देशातलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, आम्हाला ते हिंदीतूनच माहीत. गडाला सात दारं, प्रत्येक दारावर एक राखणदार, आणि कंदील घेऊन एकेक दार ओलांडत जाणारी तारू नावाची मुलगी. तारूचा आवाज किनरा, काचेच्या बांगडीसारखा. चौथ्या दारावर पत्थरदादा, म्हणजे डोंगराएवढा दगडी राक्षस. त्याचा आवाज जाड, घोगरा, आणि तो कायम झोपलेला. तारूने दार वाजवलं की एक डोळा उघडून म्हणायचा, “कौन है रे? सोने भी नहीं देते!” एवढ्या एका वाक्यावर आम्ही गडाबडा लोळायचो. शाळेत कुणी दार वाजवलं तरी आख्खा वर्ग हेच ओरडायचा आणि मार खायचा.

पण ते लोडशेडिंगचे दिवस होते. आमची वीज गेली की नेमका नीलगडचा भाग बुडायचा. तेव्हा अंबडला वीज असायची, आणि अंबडला सावळ्याची आत्या राहायची. हा सायकल काढायचा, अंबडला जाऊन तिथे भाग बघायचा, की लगेच उलटा यायचा. आम्ही ओट्यावर वाट बघत बसलेलो. आला की घोटभर पाणी प्यायचा आणि पहिल्या शब्दापासून सुरू. तारू तोच, पत्थरदादा तोच, वारा तोच, दाराची करकरही तोच. खरं सांगते, काही भाग मी टीव्हीवर कधीच पाहिले नाहीत, तरी मला ते पाहिल्यासारखे आठवतात. आमच्यासाठी तो ऐकून यायचा.

एकदा आला तो नुसताच सायकलला टेकून उभा राहिला. म्हणाला, “पत्थरदादा गेला.” आमचा विश्वासच बसेना. मी चिडले, म्हटलं, खोटं बोलतोस, सांग की तो उठला म्हणून. रडत होता, तरी म्हणाला, “मी ऐकून आलोय. जे ऐकलं तेच सांगणार.” आणि पत्थरदादाचं मरण त्याने आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं. त्या दिवशी कुणी जेवलं नाही. आई म्हणाली, कार्टूनसाठी सुतक पाळताय का रे मेल्यांनो.

पुढे दहावी झाली, आयटीआय झालं, आणि सावळ्या सातपूरच्याच एका कंपनीत ठेकेदाराकडून लागला. प्रेस शॉपमध्ये. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून काही टनांचं धूड धाडकन खाली यायचं, वाटी तयार. परत पत्रा. असं आख्खी शिफ्ट, आणि असे कितीतरी प्रेस एकाच छपराखाली. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले तर शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, म्हणून कुणीच घालत नसे. आमच्यातलाच अमित त्याच कंपनीत कायम झाला आणि पुढे त्याच शॉपचा सुपरवायझर. मी इथेच, आईकडे. नवरा पुण्यात आणि मी नाशकात का, हे विचारायला लोकांना फार आवडतं. मला उत्तर द्यायला आवडत नाही.

नीलगड परत बघायची टूम अमितची. त्याच्या मावसभावाने त्या काळी कॉम्प्युटरवर बरेच भाग रेकॉर्ड करून ठेवले होते, जाहिरातींसकट. सुट्टीच्या दुपारी आम्ही तिघं आमच्या घरी जमायचो. मी नि अमित सोफ्यावर, सावळ्या लहानपणासारखाच खाली, टीव्हीच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून. आणि टीव्हीपेक्षा जास्त तोच बोलायचा. प्रत्येक वाक्य पात्राच्या बरोबरीने. मला राग यायचा. म्हणायचे, “सावळ्या, थोबाड बंद कर, आम्हाला ऐकू दे.” तो वळायचासुद्धा नाही. मला वाटायचं, या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडतो. फोन कधी उचलायचा नाही, मेसेज कर म्हणायचा. मला वाटायचं, भाव खातो. शिवाय तो सतत बोलत असायचा, आणि जो सतत बोलतो त्याला कुणी काही विचारत नाही.

मावसभावाकडचे भाग संपले. चौथ्या दारापासून पुढचे नव्हतेच. पण आता नीलगड मोबाइलवर नव्याने आलंय, म्हणून अमितने ते टीव्हीवर लावलं. चित्रं तीच होती, पण हिंदी आवाज कुणीतरी नव्याने भरले होते. तारू एखाद्या निवेदिकेसारखी बोलत होती. आणि पत्थरदादाने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “पथिक, यह मार्ग वर्जित है।”

मी म्हटलं, “शी! हे काय?”

त्याच वेळी खाली बसलेला सावळ्या पत्थरदादाच्या आवाजात ओरडला, “कौन है रे? सोने भी नहीं देते!” आणि मांडीवर थाप मारून हसला. आम्हीही हसलो. वाटलं, नव्या लोकांची चूक दुरुस्त करतोय. अमित वैतागून म्हणाला, “बंद कर गं हा आवाज, ऐकवत नाही.” मी म्यूट केलं.

खोली शांत झाली. सावळ्या थांबला नाही. तारूचं तोंड हललं, याने तारूचं वाक्य म्हटलं. पत्थरदादा कूस बदलायला लागला, याने त्याचं घोरणं काढलं. पुढे एक जागा आहे, पत्थरदादा शिंकतो आणि तारूचा कंदील विझतो. तिथे तो पोट धरून हसला. त्या गप्प खोलीत एकटाच. अमितने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सावळ्या.” मग मोठ्याने म्हटलं. मग किंचाळलेच.

तो वळला तो डोळे पुसत, हसतच. आमचे चेहरे बघून त्याचं हसू गेलं. “काय झालं?” म्हणाला, नको तेवढ्या मोठ्याने. मग त्याने परत टीव्हीकडे पाहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा भोंगा होता, त्यावर फुली मारलेली. तो बराच वेळ त्या फुलीकडे बघत बसला.

मग त्याने सांगितलं. डावा कान पूर्ण गेलेला, आत सारखी शिट्टी वाजते. उजव्यात लांबून कुणी पोतं ओढत नेल्यासारखं थोडं काहीतरी येतं. समोर तोंड दिसलं की ओठांवरून भागतं. कंपनीच्या तपासणीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बोट वर करायचं. बटण दाबताना तिथल्या बाईचा खांदा हलतो, हा तो खांदा बघून बोट वर करायचा. कानाच्या डॉक्टरकडे तो कधी गेला नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

“इथं लय बरं वाटतं मला,” तो म्हणाला. “बाकी कुठं काय येत नाय. इथं चित्र दिसलं की सगळं ऐकू येतं. जुनं हाय तसं.” मग अमितकडे वळला. “अम्या, झाकली मूठ राहू दे. पोर लहान हाय माझी.”

अमित म्हणाला, “तू माझ्या शॉपमध्ये प्रेसवर बसतोस. उद्या कुणी ओरडलं, हात काढ म्हणून, तर?”

“माझं हात माझं मी बघतो.”

“मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं रे,” अमित म्हणाला. “आता कळलंय.”

सावळ्याने त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मान खाली घातली की त्याच्याशी बोलताच येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

अमितने वर सांगितलं. सावळ्याला पॅकिंगला बसवा, अशी विनंतीही केली. ठेकेदाराने थोडे दिवस बसवलं आणि मग म्हणाला, उद्यापासून येऊ नको. ठेकेदाराने ते दोनदा सांगितलं म्हणे, कारण पहिल्यांदा सावळ्या दुसरीकडे बघत होता. अमितने केलं ते बरोबर केलं, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. मीही म्हणते. आणि मी त्याच्याशी अजून बोलत नाही.

दुसऱ्या कंपन्यांत तो फिरला. गेटवर नाव विचारायचे, हा गाव सांगायचा. शेवटी बिऱ्हाड उचलून चांदवडला गेला, एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला. तिथे बायकांच्या रांगेत बसायचं, मोठा कांदा इकडे, बारका तिकडे. ऐकावं काहीच लागत नाही.

मी गेल्या महिन्यात एसटीने चांदवडला गेले. पत्र्याचं छप्पर असलेली दोन खोल्यांची जागा, आणि सगळीकडे कांद्याचा वास, कपड्यांना, पाण्याच्या तांब्यालासुद्धा. उज्वला, त्याची बायको, दारातच म्हणाली, “बरं झालं आलात ताई. ते कोणाशी बोलत नाय आता.” सावळ्या पलीकडे पोत्यावर बसला होता. जो माणूस टीव्हीपेक्षा जास्त बोलायचा, तो माझ्याकडे बघून नुसता हसला. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं कानाचं मशीन उज्वलाने डब्यातून काढून दाखवलं. म्हणाली, घालत नाहीत. “ते घातलं की प्रेस चालू होती,” सावळ्या म्हणाला. “सगळ्याचा आवाज प्रेसचाच येतो.”

तेवढ्यात त्यांची तेजस्विनी आली. तीनेक वर्षांची. तिने बापाला हाक मारली नाही. सरळ समोर आली, दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि मग म्हणाली, “पप्पा, मांजर दूध प्यालं.” या पोरीला ‘हाक मारणं’ माहीतच नव्हतं.

ती पळाली. सावळ्या मला म्हणाला, “योगे, एक विचारतो. खरं सांगशील?”

मी त्याच्यासमोर जाऊन बसले, माझे ओठ दिसतील अशी.

“हिचा आवाज कसा हाय? उज्वला म्हणती, गोड हाय. गोड म्हणजे काय कळणार? ती बोलायला लागली तवा माझं गेलं होतं सगळं. म्हणून मी तारूचा आवाज धरलाय. ती तोंड हलवती ना, की मला तारू ऐकू येती.” मग म्हणाला, “तसाच हाय ना?”

हो म्हणायला काय जात होतं माझं? उज्वला चहाचं पातेलं धरून उभी होती, तिने मला डोळ्यांनी हो म्हण असं सांगितलंसुद्धा. बिचाऱ्याकडून आणखी काय काढून घ्यायचं? पण मला तो सायकलला टेकलेला पोरगा दिसत होता. आता ऐकून मी आले होते.

“नाही,” मी म्हटलं. “घोगरा आहे. जाड.” आणि त्याला नीट कळावं म्हणून तोंड मोठं उघडून एकेक अक्षर सुटं केलं. “पत्थरदादा.”

तो माझ्या ओठांकडे बघतच राहिला. इतके दिवस जी पोर त्याच्याशी बोलत होती ती त्याची नव्हतीच, हे त्याच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग त्याने हात करून तेजूला बोलावलं आणि समोर उभं केलं. “बोल.”

“काय बोलू?” ती म्हणाली, त्या घोगऱ्या आवाजात.

तो डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत होता. त्याचे स्वतःचे ओठही हलत होते, आवाज न करता. “परत बोल.”

ती बोलली. परत बोलली. मग कंटाळली, जायला लागली. त्याने तिचा हात धरून ठेवला, आणि ती रडायला लागली. तिचं रडणंही घोगरंच.

मागून उज्वला म्हणाली, “अहो, सोडा तिला, कशाला रडवताय?” पण तिच्याकडे त्याची पाठ होती.

“रड,” तो पोरीच्या उघड्या तोंडाकडे बघत म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “रड, थांबू नको. येतंय आता. थोडं थोडं येतंय.”