सात, आठ, साठ

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं हिंडून मला सोलापूरच्या टेलिफोन एक्सचेंजात नोकरी लागली. एक्सचेंज म्हणजे एक खोली, भिंतीला लावलेला लाकडी बोर्ड आणि त्याच्यापुढं दोन उंच स्टुलं. गावात फोन थोडेच होते. गिरण्या, कचेऱ्या, डॉक्टर, मोठे व्यापारी. कुणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबराची पत्र्याची झडप टपकन खाली पडायची. तिथं वायर खोचून मी विचारायचो, "नंबर?" आणि सांगितलेल्या नंबराला जोडून द्यायचो.

डोक्यावरून लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला डाव्या कानावर दाबून बसणारा काळा रिसीव्हर. हल्ली त्याला हेडफोन म्हणतात. आठ-आठ तास तो कानावर असायचा. लोकांना तेव्हा वाटायचं, समोरचा लांब आहे म्हणजे ओरडलंच पाहिजे. सुताचे व्यापारी तर शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसे बोलायचे, कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत. संध्याकाळी घरी आलो की कान बुजलेला असायचा. बायकोचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. सकाळपर्यंत उतरायचं, म्हणून मी त्याला थकवा समजत होतो.

तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात एका दुपारी अक्कलकोटच्या बाजूला आभाळ गडगडत होतं. गावात थेंब नव्हता. मी एका गिरणीचा फोन घेतला आणि त्याच क्षणी कुठंतरी तारेवर वीज पडली. कानात बंदूक उडाली असं वाटलं. मी स्टुलावरून खाली पडलो होतो. सोबत्यानं पाणी दिलं. अर्ध्या तासानं मी रिसीव्हर उजव्या कानावर फिरवला आणि परत कामाला बसलो.

डाव्या कानात त्या दिवसापासून एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती जेवताना होती, बोलताना होती, देवापुढं बसलो तरी होती. साहेबाला सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसावं लागलं असतं. आई आणि बायको माझ्यावर अवलंबून. मी गप्प राहिलो. आईनं लसूण घालून तेल कडवून कानात ओतलं. त्यानं काही झालं नाही, तेव्हा सात रस्ता चौकाजवळ कानातला मळ काढणारा एकजण बसायचा, त्याच्यापुढं जाऊन मान वाकडी केली. त्यानं सळई आत घातली. "हाललासा तर माझा दोष न्हाय," तो म्हणाला. मी हललो नव्हतो. तरी रक्त आलं. पुढं महिनाभर कान वाहत होता, आणि मी सदऱ्याच्या खिशात कापूस घेऊन कामावर जात होतो.

उजवा कान चांगला आहे, त्यावर निभेल, असं मी धरून चाललो होतो. पण त्याच्यावरही तेच आठ तास, तेच ओरडणं. हळूहळू असं झालं की आवाज ऐकू यायचा, पण शब्द तुटून यायचे. 'स', 'त' आणि 'ठ' तर गळूनच पडायचे. सात, आठ, साठ हे तिन्ही नंबर माझ्या कानात नुसते "आ" होऊन यायचे. मग मी अंदाज करायचो. कोणता व्यापारी कोणत्या वेळेला कुणाला बोलतो हे मला पाठ होतं. नऊ महिने मी ऐकून नव्हे, अंदाजावर नोकरी केली.

त्या दिवशी दुपारी एका कापड व्यापाऱ्याच्या घरची झडप पडली. बाईचा आवाज होता. तिथून एरवी व्यापारी स्वतःच बोलायचे, आणि ते बहुतेक वेळा साठ नंबराला बोलायचे. ते सुताचं गोदाम होतं. बाईंनी नंबर सांगितला. मला "आ" एवढंच ऐकू आलं. पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण त्याच आठवड्यात दोघांनी तक्रार केली होती की हा माणूस एकेक नंबर तीन-तीनदा विचारतो. मी साठ जोडला. गोदामात कुणी उचलेना.

मी म्हणालो, "उचलत नाहीत, बाई. थोड्या वेळानं करा."

थोड्या वेळानं पुन्हा तीच झडप, तोच आवाज. या वेळी त्या अजून काही बोलत होत्या, भराभर. मला कळलं नाही. मी पुन्हा साठ जोडला, पुन्हा सांगितलं, "उचलत नाहीत."

तिसऱ्या वेळेला व्यापारी स्वतः बोलले. दुकानातून धावत आले असावेत, धाप लागली होती. "आठ! डॉक्टर! डॉक्टर द्या हो!"

'डॉक्टर' हा शब्द तेवढा मला कळला. आठ नंबर डॉक्टरांचा होता. मी जोडला. डॉक्टरांनी लगेच उचलला.

व्यापाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला होता. संध्याकाळच्या आत ते पोर गेलं.

हे मला दोन दिवसांनी शेजारच्या स्टुलावरच्या सोबत्यानं सांगितलं. तो त्या घरी भेटून आला होता. "बाईनं नंबरच चुकीचा सांगितला म्हणं. सासू आल्यागेल्यासमोर बोलतीया, फोन धरता येत न्हाय तर हात कशाला लावला म्हणून. बोर्डावर तूच होतास की. काय म्हणाली रं ती?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

तीन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, कानाचंसुद्धा. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "पोर तर गेलं तिचं. वर हे पण तिनं जन्मभर ऐकायचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेलो. व्यापारी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि म्हणालो, "बाईंना पण ऐकू द्या." त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मागं सासूबाई. मी उभ्यानंच सगळं बोललो. आवाज माझा मलाच नीट ऐकू येत नव्हता, त्यामुळं किती मोठ्यानं बोललो ठाऊक नाही.

बाईंनी विचारलं, "मी आठच म्हणाले व्हते?" मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो, म्हणून कळलं.

"व्हय ताई. आठच म्हणाला होता तुम्ही."

त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. "मला वाटाय लागलं व्हतं, मीच साठ म्हणाले असंन. समदी म्हणत व्हती की." सासूबाई आत निघून गेल्या.

व्यापाऱ्यांनी एकच विचारलं. "कान गेलाय हे कधीपासून ठाऊक हाय तुमाला?"

"नऊ महिने झाले."

ते उठून उभे राहिले. मारतील असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "जावा आता."

तिथून मी तडक साहेबाकडं गेलो आणि तेच पुन्हा सांगितलं. दुपारच्या आत नोकरी गेली.

आठ नंबरचे डॉक्टर मला भेटायला तयार होतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी कपाळावरचा आरसा लावून दोन्ही कान बघितले. डाव्याच्या पडद्याला भोक होतं. "तेल, सळई, कापूस, सगळं ह्या एका कानात घातलंस?" ते म्हणाले. "वीज पडली त्याच दिवशी यायचं. काही न घालता कानाला विश्रांती दिली असती तर थोडं तरी राहिलं असतं. शिट्टी आता जाणार नाही. उजवा वाचवायचा असेल तर पुन्हा असलं काही कानावर चढवू नको, गिरणीत तर पाऊलच टाकू नको."

मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला वेळेवर फोन लागला असता तर?"

ते हात धूत होते. मला ऐकू यावं म्हणून वळून समोर उभे राहिले. "अर्धा तास गेला. कधी तेवढ्यानं फरक पडतो, कधी दोन दिवस आधी गेलो तरी पडत नाही. खरंच सांगता येणार नाही."

दोन्हीतलं एक काहीतरी सांगा, म्हणून मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, पण सांगितलं नाही.

वर्षभरानं बार्शीच्या एका शाळेत नकलनवीस म्हणून लागलो. तिथं कुणाचं ऐकावं लागत नाही, समोरचं बघून लिहायचं एवढंच. शाळेतली मुलं मला बहिरे मास्तर म्हणतात असं बायको सांगते. शिट्टी आहे तशीच आहे. ती माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही, हे समजायला आईला बरीच वर्षं लागली. मी शिट्टी म्हटलं की ती बिचारी उठून चुलीवर काही उकळतंय का बघून यायची.