दारातला दहीभात

बँकेने आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवली, तेव्हा बायको भाजी आणायला गेली होती. मी नोटिशीवर गणपतीचं कॅलेंडर टांगलं आणि दार आता कसं भरल्यासारखं दिसतं, हे तिला कौतुकाने दाखवलं. नोटीस वर्तमानपत्रातही छापून येते, असं कळल्यावर घरचा पेपर बंद केला. मार्केट यार्डातल्या माझ्या कांद्याच्या गाळ्यासाठी हे घर तारण ठेवलेलं होतं, गाळा बसला होता, आणि तिला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. यार्डातले जाणकार म्हणत, "अहो, तो नुसता कागदोपत्री ताबा. प्रत्यक्षात कोण येतंय?"

पाच महिन्यांनी आले. बँकेचे साहेब, तहसील कचेरीचा कारकून, दोन पोलीस. साहेबांनी कॅलेंडर उचललं, खालचा कागद बायकोने उभ्या उभ्या वाचला, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे कुणावर ही वेळ आली तर सांगून ठेवतो: आरडाओरडा होत नाही. कारकून खोल्याखोल्यांतून फिरत यादी करतो. कपडे, औषधं, भांडी लगेच नेऊ देतात. बाकीचं मागाहून अर्ज करून सोडवायचं. आमच्या यादीत मोडका स्टूलसुद्धा आला.

"आणि वास्तुपुरुष?" बायकोने विचारलं.

वास्तुशांतीच्या वेळी ओट्याखालच्या कोपऱ्यात, फरशीच्या आत, डबीत पालथा पुरलेला तो. दर अमावास्येला दुपारी ती त्या कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य ठेवी आणि मगच जेवी. मी पोलिसांकडे पहारीची चौकशी केली. साहेब म्हणाले, "काका, आता फरशी फोडलीत तर तोही गुन्हा होईल."

"फोडायचं नाहीच," ती म्हणाली. "तो घराचा आहे. पण त्याला जेवायला कोण घालणार?"

ती दारातून हलेना. लोक जिन्यात जमू लागले. तेव्हा मी भारदस्त आवाजात म्हणालो, "मी घालीन. दर अमावास्येला. शब्द देतो." माझ्या शब्दावर ती त्या घराबाहेर पडली, ती कायमचीच.

सदाशिव पेठेत एक खोली भाड्याने मिळाली. अमावास्येला ती डबा भरून देई आणि मी परत येईपर्यंत पाणीसुद्धा पीत नसे. मी बिबवेवाडीला पोचायचो बरोब्बर दीड वाजता, कारण त्या वेळेला आमची अख्खी सोसायटी झोपते. लाजेने कुणालाच तोंड दाखवायचं नव्हतं. सील लावलेल्या दाराबाहेर पानावर दहीभात ठेवायचा, कुंकवाचं बोट टेकायचं, आणि चोरासारखं उतरायचं. एकदा आतून भांडं पडल्याचा आवाज आला. घर रिकामं होतं. मी तीन मजले कसे उतरलो, हे मला अजून आठवत नाही.

चौथ्या महिन्यात साहेबांचा फोन. "काका, तुमच्या दारात कोणीतरी उतारे ठेवतंय. दहीभात, कुंकू. करणी आहे म्हणतात लोक. लिलावाला माणूस फिरकत नाही."

"अरेरे," मी म्हणालो. "शोध घ्यायला हवा."

लिलाव दोनदा फसला, किंमत उतरली. घर पडत्या भावात गेलं तर उरलेली बाकी आपल्याच डोक्यावर राहते, हे मला त्या फोनवर कळलं. म्हणजे मी स्वतःवरच करणी करत होतो, तीही रिक्षाचं भाडं भरून. पण थांबायची सोय नव्हती. घरी ती उपाशी बसलेली असे.

मग एका अमावास्येला गेलो, तर सील नाही. दाराला नवं तोरण. डबा पिशवीत लपवेपर्यंत दार उघडलंच. पन्नाशीची बाई, नऊवारीतली. गावची जमीन बिल्डरला देऊन इकडे आलेलं कुटुंब असावं.

"कोन पायजे, काका?"

"कोणी नाही. पूर्वी इथे ओळखीचे राहायचे."

"त्यो पयला मालक?" तिने आवाज खाली आणला. "त्यो गेला नव्हं. घराच्या धसक्यानं. दुपारच्याला जिन्यात पाय वाजत्यात त्याचं. वॉचमननं सोता ऐकलंय." मी माझ्या चपलांकडे पाहिलं. "मानूस कसा हुता वो?"

"बडबड्या," मी म्हणालो.

"आमी काय वाईट करत न्हाई त्याचं. आजपास्नं दर आवसंला दहीभात ठिवनार त्याच्या नावानं. आत्ताच ठिवला."

"कुठे?"

"ओट्याखाली, कोपऱ्यात. दुसरीकडं कुठं जागा हाय?"

दारातून मला ते पान दिसलं. बरोब्बर त्याच फरशीवर. मी एवढंच म्हणालो, "मीठ वाढू नका पानात. नैवेद्याला चालत नाही."

घरी आलो. बायको दाराशीच. "घातलं?"

"घातलं गेलं," मी म्हणालो. "आता मला जायला नको. त्या घरातल्या बाई घालतात. कोपऱ्यातच."

कुणाच्या नावाने, ते मी सांगितलं नाही. तिने डोळ्यांना पदर लावला, मग दोन ताटं घेतली. भरलेला डबा परत आला होता, तोच उघडला. ती पोटभर जेवली. मला मात्र तो भात घशाखाली उतरेना. माझ्या वाटणीचा तिकडे मांडून झाला होता.