गुण आला

मला नवरा हवासा वाटायचा, आणि फार वाटायचा. सोलापुरातली लग्न झालेली बाई, त्यात काळ सत्तरच्या दशकातला. हे सांगणार कुणाला?

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि भर दुपारी काही कारण नसताना अंगात अशी लाट उठायची की समोरचे आकडे दिसेनासे व्हायचे. एकदा बार्शीच्या अडत्याला दुधनीऐवजी जेऊरला जोडून दिलं. सुपरवायझरबाईंनी विचारलं, झोप होत नाही का. मी हो म्हटलं.

मन दुसरीकडे लागावं म्हणून मेच्या उन्हात बस सोडून चालत घरी यायचे. धुतलेल्या गोधड्या पुन्हा धुवायचे. सोमवार धरला, मग गुरुवारही. पोट तेवढं रिकामं राहिलं.

नवरा कापडगिरणीत कारकून. शांत, निर्व्यसनी. त्याला कधीमधी पुरायचं. एका रविवारी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी होऊन त्याचा हात धरला. त्यानं तो हलकेच सोडवून घेतला.

"घरंदाज बाईचं हे लक्षण नव्हे," तो म्हणाला.

रागावला नाही. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्यानं ते थोरल्या बहिणीला सांगितलं, नणंदेनं सासूबाईंना. माझ्या ताटातला कांदा-लसूण बंद झाला. सगळे शेंगाचटणी-भाकरी खायचे आणि मला वेगळी फिकी आमटी. मग डॉक्टर. ते माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्यालाच विचारलं, मूलबाळ आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, झालं की आपोआप निवतील. तोवर या गोळ्या.

गोळ्यांनी मला बोर्डावर पेंग यायची. एकदा एक माणूस भावाच्या मरणाची खबर सांगत होता आणि डुलकीत माझ्या हातून त्याची लाईन तुटली. पुन्हा जोडून दिली, पण त्याचं ते "हॅलो, हॅलो" कानातून जाईना. त्या दिवसापासून मी गोळ्या मोरीत टाकायला लागले. आणि नवऱ्याकडे मागणंही सोडलं.

महिनाभरानं त्यानं बहिणीला आनंदानं सांगितलं, "गुण आला हिला." नणंदेनं खणानारळानं माझी ओटी भरली.

लाट येतच होती. पंचेचाळिशी उलटेपर्यंत आली. मूल काही झालं नाही.

तो गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, तुमच्या घरातून कधी मोठा आवाज ऐकला नाही, असा संसार बघायला मिळत नाही. मी उठून त्यांना पाणी दिलं.