ढोंड्यासाठी सारवलेलं मडकं

लग्नानंतरची माझी पहिली धानकापणी... ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट, गाव एकोडी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, भरदुपारी धानाच्या बांधीतून घरी आले ते दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून.

"सूनबाई, माह्या हातानं इळा लागला याले," ते म्हणाले. "तू कालेजात बेडकं फाडत होती म्हने... मंग जोडताबी येत असन ना?"

दुपट्ट्यात ढोंड्या होता. पाण्यातला बिनविषारी साप, पण भलता चावरा. त्याच्या पाठीवर बोटभर जखम होती आणि मामाजींचा चेहरा असा, की जणू विळा त्यांनाच लागलाय.

भंडाऱ्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकले होते खरी, पण जोडायचं कुणी शिकवलंच नव्हतं! मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, लाल औषध लावलं. मागच्या खोलीत माझ्याच लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत कोरडी रेती पसरून त्याला ठेवलं आणि वर जाळी बांधली. या सेवेबद्दल तो मला कडकडून चावला.

(आज असं काही करू नका हं. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. तेव्हा आमच्याकडे सर्पमित्र म्हणजे मामाजीच.)

सासूबाईंनी मात्र त्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं. माझ्याशी आधीच मोजकं बोलायच्या, आता तेही बंद. शेजारणीला सांगताना मी ऐकलं... "सून नाही आली वं माय, गारुडीन आली."

इकडे ढोंड्या दिवसभर जाळीवर नाक घासायचा. बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, छोटे मासे आणून टाकले तरी ढुंकून बघायचा नाही. सापाला लपायला जागा नसली की तो अन्न सोडतो, एवढं मला माहीत होतं. जखमेनं नाही, पण भीतीनं हा जाणार असं वाटायला लागलं. मामाजी बांधीतून आले की पाय धुवायच्या आधी विचारायचे, खाल्लं का त्यानं... आणि मला 'नाही' असं सांगवत नसे.

मग मी त्याला घर करायला बसले. आधी डालड्याचा डबा कापला, पण त्याची धार हातोडीनं ठोकूनही जाईना. छपरावरचं कवेलू पालथं घातलं तर ते त्याच्या अंगावरच कलंडलं. शेवटी पाणी पाझरणारं एक जुनं मडकं घेतलं, पालथं घालून काठाला एक दार पाडलं. दार मुद्दाम लहान ठेवलं, कारण चहूबाजूंनी अंगाला काहीतरी टेकलं तरच सापाला सुरक्षित वाटतं.

दाराची कड विटेच्या तुकड्यानं घासत राहिले. त्यावरून लुगड्याचा पदर फिरवायचा, धागा अडकला की पुन्हा घासायचं. धागा अडकायचा थांबला तेव्हा मडकं धुऊन अंगणात वाळत घातलं आणि मी विहिरीवर गेले.

परत येऊन बघते तर काय... मडकं आतून-बाहेरून शेणानं सारवलेलं! दारापुढे रांगोळीची टिंबंसुद्धा. शेजारी सासूबाई, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"बिनसारवल्या घरात कोनाले ठेवते का कोनी?" माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या.

मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्यासाठी आपणहून केलेलं ते पहिलं काम. मला इतकं भरून आलं... आणि लगेच ढोंड्याची पाठ आठवली. ओलं शेण आणि उघडी जखम! नाही म्हणावं तर सासूबाई कायमच्या दुरावतील, हो म्हणावं तर साप जाईल.

शेवटी चाचरत बोललेच. म्हटलं, "आत्याबाई, त्याची जखम अजून ओली आहे... शेण लागलं तर चिघळेल. मरेल तो."

मला वाटलं, आता मडकं अंगणातच फुटतंय. पण त्या खाली बसल्या आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"माह्या पयल्याच्या बेंबीले शेणच लावलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तवा साऱ्याच लावत. आठवडाभरात आकडला अन् गेला. दुसऱ्याच्या वक्ताले नर्सबाईनं सांगतलं, का त्यानंच होते म्हनून."

आमच्या ह्यांनाच, म्हणजे माझ्या नवऱ्यालाच, मी सासूबाईंचं पहिलं मूल समजत होते. ह्यांच्याआधी कुणी होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या. मडकं विहिरीवर नेऊन नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासलं, मग चुलीवर पाणी उकळून पुन्हा आतून-बाहेरून विसळलं. ते खडखडीत वाळेपर्यंत उन्हात शेजारी बसून राहिल्या, कोंबड्या हाकलत.

पेटीत मडकंही त्यांनीच ठेवलं. कलंडू नये म्हणून काठ रेतीत दाबून बसवला. ढोंड्यानं दाराशी जीभ लपलपवली, अर्धा आत गेला, थांबला... आणि मग शेपटीसकट नाहीसा झाला. पुढे एका सकाळी वाटीतले मासे संपलेले दिसले. मामाजींना ओरडून सांगायला सासूबाईच धावल्या, मी नाही.

थंडी सरता सरता जखम भरली. आम्ही तिघांनी त्याला बोडीवर नेऊन सोडलं. तो पाण्यात दिसेनासा झाला तरी सासूबाई तिथंच उभ्या होत्या.

घरी परतताना त्यांनी माझा हात धरला. बाराव्या दिवशी ठेवायचं म्हणून त्या बाळासाठी त्यांनी मनात एक नाव योजलं होतं... ते मला सांगितलं. मामाजींनाही कधी सांगितलं नव्हतं म्हणाल्या.

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण त्यांनी ते माझ्यापाशी ठेवलं, याचं मला अजून फार अप्रूप वाटतं... मी आहे तोवर त्या लेकराला नावानं ओळखणारं कोणीतरी आहे.